मधुमेह आणि सणाचं जेवण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सण जवळ आला की माझ्याकडे येणाऱ्या प्रश्नांचा सूर बदलतो. एरवी वजनाबद्दल विचारणारी माणसं 'त्या दिवशी काय करू?' असं विचारायला लागतात. मी आहारतज्ज्ञ आहे. घरात आईला मधुमेह आहे, त्यामुळे या प्रश्नाची दुसरी बाजूही रोज बघते. बहुतेक प्रश्न गोडाबद्दल असतात, पण सणाच्या दिवशी माणसं खरी अडचणीत येतात ती वेळेमुळे. जेवण लांबतं, गोळी आधीच घेतलेली असते, शुगर तपासायची राहून जाते. म्हणून इथे गोडाइतकीच जागा घड्याळाला दिली आहे. औषधाचा डोस बदलावा लागेल असं वाटत असेल, तर सणाच्या आठवडाभर आधी डॉक्टरांशी बोला.

१. मधुमेह आहे म्हणजे सणाला गोड पूर्णच बंद का?

नाही. शुगर वाढते ती जेवणातल्या एकूण कर्बोदकांमुळे, मग ती साखरेतून येवोत की भातातून, पावातून, बटाट्यातून. गोड खायचं असेल तर त्याच जेवणातला भात किंवा पिठाचा पदार्थ तेवढा कमी करा. भरपेट जेवून वर गोड घेतलं की हिशेब चुकतो.

निवडही करा. वर्षातून एकदाच होणारा, आईच्या किंवा आजीच्या हातचा पदार्थ जरूर खा. दुकानात बारा महिने मिळतो तो सोडून द्या. लहान वाटी घ्या, जेवणाबरोबर खा, रिकाम्या पोटी नको.

२. एका दिवसाच्या खाण्याने असं काय बिघडणार आहे?

एचबीए१सी या रक्ततपासणीचा आकडा साधारण मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या शुगरची सरासरी सांगतो, कारण लाल पेशी सुमारे १२० दिवस जगतात. एका जेवणाने तो फारसा हलत नाही. पण सण चार दिवसांत संपतो आणि मिठाईचे डबे तीन आठवडे पुरतात. फ्रिज उघडला की एक तुकडा, चहाबरोबर एक तुकडा. पुढच्या तपासणीत आकडा वाढलेला दिसतो तो या तुकड्यांमुळे. डबा घरात आला त्याच दिवशी वाटून टाका, किंवा एकेका वेळेपुरते भाग करून फ्रीझरमध्ये ठेवा.

एवढं मात्र त्या एका दिवशीही जपायलाच हवं: औषधांची वेळ (प्रश्न ६) आणि शुगर लो होणं (प्रश्न ७).

३. वजनकाटा न वापरता ताट कसं वाढून घ्यायचं?

साधारण ९ इंची, म्हणजे २३ सेंटीमीटरचं ताट घ्या. अर्ध्या ताटात भाज्या आणि कोशिंबीर, पाव भागात डाळ, अंडं, मासे, चिकन किंवा पनीर, आणि उरलेल्या पाव भागात भात, पाव किंवा पिठाचा पदार्थ. बटाटा, रताळं, मका आणि मटार या भाज्या वाटल्या तरी त्यांची जागा या शेवटच्या पाव भागात. शाकाहारी माणसांनी आणखी एक ध्यानात ठेवावं: डाळींमध्ये प्रथिनं असतात तशीच कर्बोदकंही असतात. दोन वाट्या डाळ आणि वर भात असा बेत असेल तर भात आणखी कमी.

जेवण मांडून ठेवलेलं असेल तर ताट हातात घेण्याआधी एक चक्कर मारून सगळं बघून या. पहिल्याच पदार्थापासून वाढून घेत गेलं की खरा आवडीचा पदार्थ येईपर्यंत ताट भरलेलं असतं. जेवणाआधी गप्पा मारताना जे तळलेलं तोंडात टाकलं जातं, तेही एका बशीत काढून घ्या. बशीत दिसतं म्हणजे मोजलं जातं.

४. आधी भाजी आणि शेवटी भात, असं खाल्ल्याने खरंच फरक पडतो का?

पडतो. भाज्या आणि प्रथिनं आधी, कर्बोदकं शेवटी, या क्रमाने तेच जेवण खाल्लं तर जेवणानंतरची शुगर उलट क्रमापेक्षा कमी चढते, असं अभ्यासांत दिसलं आहे. तंतू आणि प्रथिनांमुळे पोट सावकाश रिकामं होतं. यासाठी काहीच सोडावं लागत नाही, म्हणून मी सगळ्यात आधी हेच सुचवते. अपवाद एकच: जेवायला बसतानाच शुगर लो असेल तर क्रम विसरा आणि प्रश्न ७ प्रमाणे वागा.

५. रात्री मोठं जेवण आहे. सकाळपासून उपाशी राहिलं तर बरोबरी होईल ना?

होत नाही. पोट रिकामं असलं तरी यकृत रक्तात ग्लुकोज सोडत राहतं, त्यामुळे उपाशी राहूनही सकाळचा आकडा चढा असू शकतो. इन्सुलिन किंवा शुगर लो करू शकणारी गोळी चालू असेल तर दुपारीच शुगर घसरण्याचा धोका असतो. शिवाय कडकडून भूक लागलेला माणूस समोर येईल ते आणि भराभर खातो. सकाळी अंडं किंवा डाळीचा पदार्थ, दुपारी भाजी आणि थोडं दही असं हलकं पण वेळेवर खा. दुसऱ्या दिवशी शिक्षा म्हणून उपास करणं हीदेखील तीच चूक आहे.

६. 'आठला जेवू' म्हणाले आणि साडेनऊला वाढलं. गोळी तर घरूनच घेऊन निघालो होतो. अशा वेळी काय करायचं?

या पानावरचा एकच प्रश्न वाचायचा असेल तर हा वाचा.

आधी आपलं औषध कोणत्या गटातलं आहे ते बघा. नुसतं मेटफॉर्मिन किंवा सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन यांसारख्या गोळ्यांनी शुगर सहसा लो होत नाही. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड, ग्लिपिझाइड या गोळ्यांनी आणि इन्सुलिनने होते, कारण जेवण आलं की नाही याची त्यांना पर्वा नसते. बऱ्याच गोळ्यांत दोन-तीन औषधं एकत्र असतात, म्हणून पाकिटावर पुढच्या मोठ्या नावाखालची बारीक अक्षरं वाचा.

जेवणाबरोबर घ्यायची अशी गोळी किंवा इन्सुलिन घरी घेऊन निघू नका, बरोबर न्या. जलद इन्सुलिन एरवी जेवणाआधी १० ते १५ मिनिटं आणि जुनं रेग्युलर इन्सुलिन साधारण ३० मिनिटं आधी घेतात. पण वाढायची वेळ पक्की नसेल तिथे जलद इन्सुलिन ताट समोर आल्यावर घेणं सुरक्षित. दिवसातून एकदा घ्यायचं लांब पल्ल्याचं इन्सुलिन मात्र नेहमीच्याच वेळी घ्या, त्याचा जेवणाच्या वेळेशी संबंध नाही.

औषध घेऊन झालंय आणि जेवण दिसत नाही? थांबू नका. एक फळ, पावाचा एक-दीड तुकडा किंवा मोठा पेला दूध, म्हणजे साधारण १५ ते २० ग्रॅम कर्बोदकं पोटात जाऊ द्या. यजमानांकडे मागायला संकोच वाटत असेल तर पिशवीत ठेवा.

आईच्या बाबतीत हे आम्ही पाहिलं आहे. एका समारंभात ती हातातला कागदी रुमाल घडी घालत होती, उलगडत होती, पुन्हा घडी घालत होती. काही विचारलं तर उत्तर उशिरा येत होतं. सगळे म्हणाले, थकली असेल. मी बोट टोचलं तर शुगर ५८. घाम नाही, थरथर नाही, फक्त तो रुमाल. वयस्कर माणसांत लो शुगर अनेकदा अशीच दिसते: गोंधळ, चिडचिड, गप्प बसणं. बरोबरच्या माणसाला हे माहीत असायला हवं.

७. शुगर लो झाली तर समोरची मिठाई खाल्ली की झालं ना? तेवढंच निमित्त.

मिठाई चुकीची ठरते. तूप, लोणी, खवा, चॉकलेट यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते आणि लो शुगरमध्ये तेवढा वेळ नसतो. शुगर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की १५ ग्रॅम जलद साखर घ्या: पाण्यात तीन-चार चमचे साखर, अर्धा कप फळांचा रस, साधं (डाएट नव्हे) शीतपेय किंवा ग्लुकोजच्या गोळ्या. १५ मिनिटं थांबा, पुन्हा तपासा. अजूनही ७० च्या खाली असेल तर तेच पुन्हा. आकडा सावरला आणि जेवणाला वेळ असेल तर थोडं खाऊन घ्या. ५४ च्या खालचा आकडा गंभीर समजा आणि त्या माणसाला एकटं सोडू नका.

एक अपवाद फार कमी लोकांना ठाऊक असतो. गोळीत अकार्बोज किंवा वोग्लिबोज असेल तर साधी साखर लवकर काम करत नाही, कारण साखरेचं ग्लुकोजमध्ये विघटन होणं हे औषधच लांबवतं. अशांनी जवळ ग्लुकोज पावडर किंवा ग्लुकोजच्या गोळ्याच ठेवाव्यात.

८. साखरेऐवजी मध, गूळ, खजूर किंवा 'शुगर-फ्री' मिठाई चालते का?

मध, गूळ आणि खजूर रक्तात साखरेसारखेच वागतात. चमचाभर साखर ४ ग्रॅम भरते, चमचाभर मध जवळपास ७ ग्रॅम. म्हणजे चमच्याला चमचा बदलला तर मधातून कर्बोदकं जास्तच जातात. चवीसाठी खायचं तर खुशाल खा, पण मोजताना साखर म्हणूनच मोजा.

'शुगर-फ्री' म्हणजे वरून साखर घातलेली नाही एवढंच. पीठ, दूध, सुकामेवा, तूप सगळं तसंच असतं. पाकिटावर 'एकूण कर्बोदके' ही ओळ बघा. माल्टिटॉल किंवा सॉर्बिटॉल घातलेली मिठाई जास्त खाल्ली तर पोट बिघडतं, आणि माल्टिटॉलने शुगर काही प्रमाणात वाढतेही. मला काळजी वेगळीच वाटते: त्या दोन शब्दांच्या भरवशावर माणूस एकाऐवजी चार खातो.

९. फळं आणि फळांचा रस?

मुठीएवढं अख्खं फळ चालतं. रस टाळा. एका पेल्यात दोन-तीन फळांची साखर उतरते आणि चोथा मागे राहतो. लो शुगर हा त्याला अपवाद (प्रश्न ७).

१०. शुगर नेमकी कधी तपासायची? आणि भलताच मोठा आकडा आला तर?

पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी. जेवण तासभर चाललं तरी मोजणी पहिल्या घासापासूनच. बऱ्याच प्रौढांसाठी जेवणाआधी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० च्या खाली हे लक्ष्य असतं. वयस्कर माणसांसाठी डॉक्टर ते सैल ठेवतात. गरोदरपणात ते कडक असतं: दोन तासांनी १२० च्या खाली.

मोठा आकडा दिसला तर घाबरण्याआधी हात धुवा. एका ताईंचा रात्री फोन आला, शुगर ३१२ म्हणून. त्या नुकत्याच मुलांना फळं कापून देत होत्या. साबणाने हात धुऊन, नीट पुसून दुसऱ्या बोटाची तपासणी केली, तर १६४. बोटाला लागलेला फळाचा रस रक्ताच्या थेंबात मिसळला होता. सॅनिटायझरवर विसंबू नका, साखर पाण्यानेच जाते. स्ट्रिपच्या डबीचं झाकणही लगेच बंद करा, दमट हवेने स्ट्रिप खराब होतात.

दंडावर शुगर सतत मोजणारा सेन्सर असेल तर त्याचा आकडा रक्ताच्या काही मिनिटं मागे चालतो. लक्षणं आणि सेन्सर जुळत नसतील तर बोट टोचून खात्री करा.

११. दोन तासांनी शुगर छान होती, पण झोपताना २४० निघाली. जास्तीचं इन्सुलिन घेऊ का?

तळलेल्या, तुपकट जेवणानंतर हे हमखास होतं. स्निग्धांशामुळे पोट सावकाश रिकामं होतं आणि इन्सुलिनचा परिणामही काही तास मंदावतो, म्हणून शुगर चार-पाच तासांनी चढते. अशा जेवणानंतर झोपण्याआधी एक तपासणी जास्तीची करा.

स्वतःच्या मनाने जादा डोस घेऊ नका. जलद इन्सुलिन शरीरात तीन ते पाच तास काम करत असतं. पहिलं संपायच्या आत दुसरं टोचलं तर दोन्हींचा जोर एकत्र येतो आणि मध्यरात्री, झोपेत, शुगर कोसळते. 'जास्त खाल्लं म्हणून एक गोळी जास्त' हेही नकोच. ग्लिमेपिराइडचा परिणाम जवळपास दिवसभर टिकतो. डॉक्टरांनी कर्बोदकं मोजून डोस ठरवायला शिकवलं असेल, तर त्यांनी दिलेल्या नियमानेच चाला. विसरलेला डोस पुढच्या वेळी दुप्पट करायचा नसतो.

१२. जेवल्यावर चालल्याने फायदा होतो का?

होतो. १०-१५ मिनिटांच्या चालण्यातही स्नायू रक्तातलं ग्लुकोज ओढून घेतात. भांडी आवरायला उठलात तरी बसून राहण्यापेक्षा बरं.

१३. नातेवाईक ऐकतच नाहीत. 'एकाने काही होत नाही' म्हणून वाढतातच.

हा प्रश्न येतो तेव्हा त्यात बरंच साचलेलं असतं. आग्रह हे प्रेम असतं हे कळतं, आणि त्या प्रेमापायीच घरी जाऊन ३०० चा आकडा बघावा लागतो.

काही गोष्टी उपयोगी पडतात. ताट रिकामं ठेवू नका. कोपऱ्यात थोडी भाजी राहू द्या, वाढणारा हात पुढे जातो. 'मला शुगर आहे' म्हटलं की वाद सुरू होतो, सल्ले सुरू होतात. 'फार छान झालंय, पण आता जागा नाही, थोडं बांधून द्या' म्हटलं की वाद मिटतो आणि करणारीचा मानही राहतो. बांधून आणलेलं कधी खायचं ते मग तुमच्या हातात. घरातलं एक माणूस आधीच आपल्या बाजूला करून ठेवा. तुमच्या वतीने त्याने म्हटलेलं 'मावशी, त्यांना नको' पटकन ऐकलं जातं.

घरच्यांनाही एक विनंती आहे. चारचौघांत 'तुला चालतं का ते?' असं विचारू नका. ज्याला हा आजार आहे तो दिवसभर मनात हाच हिशेब करत असतो. लोकांसमोर टोकलं गेलेलं माणूस पुढच्या वेळी लपून खातं, आणि लपून खाल्लेल्याचा हिशेब औषधात कुठेच धरलेला नसतो.

१४. आमच्याकडे येणाऱ्यांत मधुमेही पाहुणे आहेत. वेगळा स्वयंपाक करायचा का?

गरज नाही. जेवणाची खरी वेळ आधी कळवा आणि पाळा. साखर न घातलेलं एक पेय, भरपूर भाज्या आणि गोडासाठी लहान वाट्या ठेवा. नाही म्हटलं तर एकदाच आग्रह करा.

१५. सणाला थोडी दारू घेतली तर?

यकृत दारू निस्तरण्यात गुंतलं की रक्तात नवं ग्लुकोज सोडण्याचं त्याचं काम मागे पडतं. म्हणून इन्सुलिन किंवा प्रश्न ६ मधल्या दुसऱ्या गटातल्या गोळ्या घेणाऱ्यांची शुगर काही तासांनी, अगदी दुसऱ्या दिवशी सकाळीही, लो होऊ शकते. लो शुगरचं अडखळणं आणि नशेचं अडखळणं सारखंच दिसतं, त्यामुळे मदत मिळायला उशीर होतो. घेणारच असाल तर रिकाम्या पोटी नको, गोड शीतपेयात मिसळून नको, आणि बरोबरच्या एकाला तरी मधुमेहाची कल्पना हवी. झोपण्याआधी शुगर तपासा.

१६. मुलीला टाईप १ आहे. बाकीची मुलं खातात आणि ती बघत बसते.

तिलाही खाऊ द्या. टाईप १ मध्ये, म्हणजे शरीरात इन्सुलिन जवळपास बनतच नाही अशा मधुमेहात, खाण्याचा मेळ इन्सुलिनशी घालायचा असतो, बंदी हा त्यावरचा उपाय नाही. दिवसभर येता-जाता चरणं अवघड जातं, कारण प्रत्येक वेळी वेगळा डोस लागतो. म्हणून तिच्या वाट्याचं गोड एका डब्यात काढा आणि जेवणाच्या वेळी, त्याच डोसमध्ये धरून द्या. डब्यात काय घ्यायचं ते तिला निवडू द्या. दिवसभर धावपळ झाली असेल तर रात्री उशिरा शुगर घसरू शकते, झोपण्याआधी बघा. ती कमी जेवली म्हणून लांब पल्ल्याचं इन्सुलिन बंद करायचं नाही, कधीच नाही.

१७. शुगरबरोबर बीपी आणि किडनीचाही त्रास आहे. वेगळं काय पाळायचं?

मीठ. दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सगळ्या पदार्थांचं मिळून चमचाभरही नाही. लोणची, पापड, खारवलेले दाणे, तयार सॉस यांतच ते संपतं. 'कमी सोडियमचं मीठ' किडनीच्या रुग्णाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं आणि ते रक्तात साठलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. ज्यांना पोटॅशियम कमी सांगितलंय त्यांनी लो शुगरला संत्र्याचा रस न घेता साखर किंवा ग्लुकोज घ्यावं.

१८. नव्या गोळ्या किंवा आठवड्याचं इंजेक्शन चालू असेल तर?

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. त्या चालू असताना उपास, पाणी कमी पिणं, उलट्या किंवा जास्त दारू यामुळे कीटोॲसिडोसिस (रक्तात आम्ल साठण्याचा गंभीर प्रकार) होऊ शकतो, आणि तोही शुगर फार चढलेली नसताना. आकडा बरा दिसतो म्हणून निर्धास्त राहू नका. सणाआधी किंवा सणात उपास करायचा असेल तर या गोळीचं काय करायचं ते डॉक्टरांना आधीच विचारा.

सेमाग्लुटाइडसारख्या इंजेक्शनने पोट सावकाश रिकामं होतं. नेहमीचं भरलेलं ताट खाल्लं तर मळमळ, उलटी ठरलेली. निम्मं वाढून घ्या आणि पोट भरल्यासारखं वाटताच थांबा.

१९. कोणती लक्षणं दिसली की 'उद्या बघू' म्हणायचं नाही?

वारंवार उलट्या, पोटात दुखणं, खोल आणि जोराचा श्वास, श्वासाला फळासारखा वास, गुंगी, किंवा शुगर ३०० च्या वर जाऊन खालीच न येणं. सण असला तरी त्याच वेळी हॉस्पिटल गाठा. छातीत दुखलं, दम लागला किंवा एकाएकी घाम फुटला तर ते अपचन समजू नका. मधुमेहात हार्ट अटॅक फारशी कळ न येताही येऊ शकतो.

माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात साखर, पाणी, काहीही घालू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. कुशीवर वळवा, घरात ग्लुकागॉन (शुगर वाढवणारं तातडीचं औषध) असेल आणि द्यायला शिकवलेलं असेल तर द्या, ॲम्ब्युलन्स बोलवा. आईच्या पाकिटात आम्ही एक घडी केलेली चिठ्ठी ठेवतो: आजार, औषधांची नावं, डोस, आमचे फोन नंबर. गोळी बदलली की चिठ्ठी नवी लिहायची. ॲम्ब्युलन्समधून येणाऱ्यांच्या हातात तीच द्यायची.